शून्य पॉइंट चार मिलिमीटर: लेटेक्सचे कपडे, ते घालणारे आणि त्यांच्या बातम्या

(दृश्य: कुपवाड, सांगली. लांब टेबल. काळ्या शीटचा रोल उलगडतोय. खिडक्यांना जाड पडदे.)

हे लेटेक्स आहे, झाडाच्या चिकापासून बनलेलं रबर. केरळात रबराच्या झाडाला पहाटे चीर देतात, तेव्हा जो पांढरा चीक गळतो त्यात रबर असतं ३० ते ३५ टक्के, बाकी बहुतेक पाणी. तो गोठू नये म्हणून अमोनिया घालतात, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून ६० टक्क्यांपर्यंत घट्ट करतात. मग गंधक आणि रंग मिसळून पातळ थर पसरायचा, वाळवायचा, तापवायचा. या रोलची जाडी आहे ०.४ मिलिमीटर. अंगाबरोबर ताणल्या जाणाऱ्या कपड्यांना बहुतेक ठिकाणी हीच जाडी वापरतात. पायमोज्यांना ०.२५ पुरते, पट्ट्याला किंवा कॉर्सेटला ०.६ च्या पुढे जावं लागतं.

इथे तयार होतात रबराचे अंगभर सूट, स्कर्ट, जॅकेट, हातमोजे. ते घेणाऱ्यांना रबराचा स्पर्श, त्याचा वास, अंगाला बसणारी घट्ट पकड मनापासून आवडते. काहींसाठी ही आवड लैंगिक असते, काहींना त्यात शांत वाटतं, काहींना नुसतं ते रूप हवं असतं. सगळ्यांसाठी एकच शब्द रूढ आहे, फेटिश.

या फितीत हात दिसतील, चेहरे दिसणार नाहीत.

(दृश्य: कागदाचा फर्मा, टेप, चंदेरी पेन. क्लोजअप.)

माप शिंप्याचंच, हिशेब मात्र उलटा. कापडाच्या कपड्यात अंगापेक्षा सैल धरतात, लेटेक्समध्ये कमी धरतात. छाती १०० सेंटिमीटर असेल तर फर्मा ९२ च्या आसपास येतो. आडव्या मापात ही कपात, उभ्या मापात जवळजवळ नाही, गळ्याला तर नाहीच. कपात जास्त झाली की सगळा ताण काखेतल्या जोडावर येतो आणि जोड तिथेच उघडतो. कमी झाली की कोपर आणि गुडघ्यामागे चुण्या पडतात, आणि चकचकीत रबरावर चुणी लपत नाही.

(दृश्य: गोल पात्याचा कटर, एका दमात लांब काप.)

कात्री इथे जपून वापरतात. कात्री जिथे थांबते तिथे कडेला बारीक खाच राहते. डोळ्याला ती दिसत नाही, पण पहिल्यांदा ताण बसला की फाटणं त्या खाचेपासूनच सुरू होतं. म्हणून गोल पात्याचा कटर, खाली कटिंग मॅट, आणि न थांबता एकच ओढ. पातं बोथट व्हायच्या आत बदलायचं.

शिलाई मशीन या खोलीत नाही. सुईनं टीप घातली तर प्रत्येक टाक्याला एक भोक, आणि प्रत्येक भोकातून शीट फाटू शकते. इथे सगळं चिकटवलं जातं. चिकटवायला लागतं तेच, जे सायकलच्या पंक्चरवाल्याकडे असतं: सोल्युशन. द्रावकात विरघळवलेलं रबर.

(दृश्य: जोड लावण्याची पूर्ण प्रक्रिया. इथे घाई नको, पूर्ण शॉट चालू द्यावा.)

शीटवर कारखान्यातूनच पावडर लागलेली येते. ती आधी काढायची. जोडाच्या दोन्ही कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्यानं पुसायच्या, दोनदा. दुसरा बोळा पांढरा निघाला तर तिसऱ्यांदा. मग एका कडेवर ८ मिलिमीटरची रेघ मारायची, कारण दोन कडा तेवढ्या एकमेकींवर येणार आहेत. दोन्ही बाजूंना सोल्युशनचा पातळ, सारखा थर द्यायचा. जाड थर जास्त धरेल असं नवख्याला वाटतं. जाड थर आतून ओला राहतो आणि आठवड्यानं जोड सरकायला लागतो.

आता कडेकडे बघा. द्रावक रबरात शिरतो, लावलेली बाजू फुगते, म्हणून पट्टी वळून गुंडाळी होते. काही मिनिटांत द्रावक उडतो आणि पट्टी आपोआप सपाट होते. जोडायची वेळ ही. घड्याळ लावून उपयोग नाही, हवामानाप्रमाणे ते पाच मिनिटांतही होतं आणि पंधरालाही होत नाही. बोट टेकवून बघायचं: तार सुटली तर थांबायचं.

(मूळ आवाज, टेबलाच्या टोकाकडून: "पोरा, ताणू नकोस. नुसतं ठेव, मग रोलर फिरव.")

ताणून ठेवलेली कड सुटली की आखडते आणि सगळा जोड लाटांसारखा वळतो. उपाय एकच, कापून पुन्हा करणं. रोलर मधून बाहेर फिरवायचा, म्हणजे हवा अडकत नाही. हवेचा फुगा राहिला तर तो सुईनं फोडायच्या फंदात कुणी पडू नये. काख आणि दोन पायांमधला जोड या सगळ्यात ओढाताणीच्या जागा, तिथे आतून ठिगळ लागतं, तेही गोल. चौकोनी ठिगळाचा कोपरा घामानं सुटतो. आणि मग एक दिवस वाळू द्यायचं. संध्याकाळी केलेला जोड रात्री ओढून बघण्याचा मोह आवरावा लागतो.

चेन प्लास्टिकच्या दातांची. पितळी चेन या कार्यशाळेत येतच नाही.

(दृश्य: पांढऱ्या लेटेक्सचा तुकडा, त्यावर बोटाएवढा तपकिरी डाग.)

कारण हा डाग. तांबं आणि त्याचे मिश्रधातू, म्हणजे पितळ, कांसंही, लेटेक्सशी लागले की असा तपकिरी डाग धरतो, आणि तो निघत नाही. नुसतं तांब्याच्या भांड्याला हात लावून नंतर शीट धरली तरी पुरे. पांढरं, फिकट, पारदर्शक रबर यात पहिलं जातं. म्हणून कामाला बसण्याआधी तांब्याचं कडं आणि अंगठी काढून ठेवतात, हात साबणानं धुतात. देवघरातली समई घासून थेट टेबलावर यायचं नाही.

दुसरा शत्रू तेल. केसांना लावलेलं खोबरेल कॉलरला लागतं, रबर तिथे फुगतं, मऊ पडतं, आणि महिन्या-दोन महिन्यांत कॉलर हातात येते. पेट्रोलियम जेलीचंही तेच.

सांगलीचं हवामान या कामाला सोपं नाही. पावसाळ्यात सोल्युशन उडताना शीटचा पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बारीक थर धरतं. वरून काहीच कळत नाही, जोड मात्र कागदासारखा सुटतो. म्हणून जून ते सप्टेंबर खोली बंद, एसी चालू, आणि लांब जोड दुपारी. एप्रिलमध्ये उलट, सोल्युशन ब्रशवरच आटतं, तेव्हा काम सकाळी उरकतात. हळदीची पॉलिशिंग चालू असते त्या दिवसांत मार्केट यार्डाकडून येणारी धूळ ही आणखी एक कटकट, कडेवर ती बसली की पुसणं पहिल्यापासून.

आणि ही गोष्ट कुणी घरी करून बघणार असेल तर त्याच्यासाठी: द्रावकाची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते आणि पेट घेते. एक्झॉस्ट फॅन खाली हवा. डबा उघडण्याआधी उदबत्ती विझवलेली हवी.

(दृश्य: साताऱ्यातल्या एका फ्लॅटचं न्हाणीघर. बादलीत लाल हातमोजे. फक्त मनगटापर्यंतचे हात.)

घालणाऱ्याचं कामही कमी नाही. आतून पावडर किंवा सिलिकॉनचं तेल लावायचं, नखं कापलेली हवीत, ओढायचं ते बोटांच्या पेरांनी. काढल्यावर लगेच कोमट पाण्यात सौम्य साबणानं धुवायचं. पिळायचं नाही. सावलीत, आधी एका बाजूनं, मग उलटून. सूर्यप्रकाशानं आणि ओझोननं रबर ठिसूळ होतं, म्हणून कपाट अंधारं. हँगर लाकडी किंवा प्लास्टिकचा. लाल आणि पांढरं एकत्र ठेवलं तर लाल रंग पांढऱ्यात उतरतो.

लेटेक्समधून घाम उडत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा खेळ नाही. पहिल्या वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त नको, बरोबर माहितगार माणूस हवा, पाणी जवळ हवं. चक्कर आली किंवा घाम एकाएकी थांबला तर चेनची काळजी न करता कापून काढायचं. नाक-तोंड झाकणारी कुठलीही वस्तू एकट्यानं कधीही घालायची नाही.

नैसर्गिक रबरातल्या प्रथिनांची काहींना ॲलर्जी असते, पित्त उठण्यापासून श्वास कोंडण्यापर्यंत. केळं, ॲव्होकॅडो, किवी खाऊन ज्यांच्या तोंडाला खाज येते त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. मिरजेच्या रुग्णालयांत शस्त्रक्रियेआधी लेटेक्सच्या ॲलर्जीबद्दल विचारतात, ते याच प्रथिनांमुळे.

(दृश्य: जुन्या रेनकोटांची, मासिकांच्या पानांची स्थिरचित्रं.)

हे सगळं आलं कुठून? पावसातून. १८२३ मध्ये चार्ल्स मॅकिंटॉश यांनी दोन कापडांमध्ये रबराचा थर घालून पाणी न झिरपणाऱ्या कापडाचं पेटंट घेतलं. ते थंडीत कडक व्हायचं, उन्हात चिकट. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांना गंधक आणि उष्णता यांचा मेळ सापडला आणि रबर टिकाऊ झालं. आपल्याकडे १९२० मध्ये कोलकात्यात बेंगॉल वॉटरप्रूफ सुरू झाली, तिचा डकबॅक रेनकोट महाबळेश्वरच्या पावसानं चांगला ओळखला.

ब्रिटनमध्ये रबरी रेनकोट आवडणारे लोक १९२० आणि ३० च्या दशकांत 'लंडन लाइफ' या साप्ताहिकाला पत्रं लिहीत होते. म्हणजे या आवडीबद्दल पहिलं मोकळं लेखन बातमीदारांनी केलं नाही, घालणाऱ्यांनीच केलं. १९७२ मध्ये जॉन सटक्लिफ यांनी 'ॲटमएज' मासिक काढलं. ते स्वतः कपडे बनवत, त्यामुळे छायाचित्रांत जोड कुठे आहे तेसुद्धा दिसायचं. १९७४ मध्ये लंडनच्या किंग्ज रोडवर फॅशन डिझायनर व्हिव्हियन वेस्टवुड आणि त्यांचे जोडीदार माल्कम मॅक्लॅरेन यांनी रबराचे कपडे दुकानात उघड टांगले. १९८४ मध्ये 'स्किन टू' मासिक आलं. त्यात कपड्याची निगा होती, छायाचित्रण होतं, चर्चा होती.

बाहेरच्या वर्तमानपत्रांना मात्र माणसाचं नाव हवं होतं. यात वळण आलं ते २००८ मध्ये, एका वेगळ्या खटल्यानं. मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांच्या खासगी लैंगिक आयुष्याचं चोरून केलेलं चित्रीकरण 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या ब्रिटिश वर्तमानपत्रानं प्रसिद्ध केलं. न्यायालयानं सांगितलं की यात लोकहित नाही, आणि ६०,००० पौंडांची भरपाई द्यायला लावली. तो खटला रबराचा नव्हता, पण प्रौढांच्या संमतीच्या खासगी गोष्टी छापताना तिथल्या संपादकांना त्यानंतर वकिलाला विचारावं लागलं.

डॉक्टरही बदलले. स्वीडननं २००९ मध्ये, नॉर्वेनं २०१० मध्ये फेटिशचं निदान आपल्या आजारांच्या यादीतून काढलं. जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं ११ वं वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं, त्यातही ते नाही.

(दृश्य: फॅशनच्या मंचावरील स्थिरचित्रं.)

डिसेंबर २००९ मध्ये गायिका लेडी गागा लाल लेटेक्सच्या पोशाखात ब्रिटनच्या राणीला भेटली. २०२० मध्ये पॅरिसच्या मंचावर लेटेक्सच्या लेगिंग्ज आल्या. तेव्हापासून या कपड्याबद्दल फॅशनच्या पानावर कौतुकानं लिहिलं जातं. घालणाऱ्यांबद्दल त्या पानावर ओळ नसते.

आपल्याकडे हा विषय आला तर तो बहुतेक गुन्हेवार्तेतून येतो, आणि लहान शहरात नाव कळलं की नोकरी, भाड्याचं घर, ठरलेलं लग्न, सगळंच जातं. घरात रबराचे कपडे घालू नयेत असा कायदा भारतात नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे.

(दृश्य: एडिटिंगचा स्क्रीन. धूसर केलेला चेहरा, पण हातावरचं गोंदण स्पष्ट.)

म्हणून कॅमेरा घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती, आणि ती फार मनापासून आहे. डोळ्यांवर काळी पट्टी लावून माणूस लपत नाही. गोंदण, मनगटावरचा दोरा, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर, खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी, यातल्या एकावरून सांगलीत घर सापडतं. आवाज नुसता जाड-बारीक करू नका, तो पूर्ववत करता येतो. दुसऱ्याच्या आवाजात पुन्हा वाचून घ्या. फोटोच्या फाइलमध्ये जागेची नोंद असते, ती पुसा. मूळ चित्रीकरण काम झाल्यावर नष्ट करा आणि तसं लेखी द्या. संमती चित्रीकरणाआधी एकदा घ्या, आणि संपादित फीत दाखवून पुन्हा एकदा.

(दृश्य: पॅकिंग. काळा कागद, घडी, खोका.)

तयार सूट पावडर लावून, काळ्या कागदात, घडीवर घडी न येता ठेवला जातो. स्टेपलची पिन नाही. खोक्यावर बाहेरून काहीच लिहिलेलं नसतं, परदेशी जाणाऱ्यावर कस्टम्सचा आकडा तेवढा असतो, ४०१५: व्हल्कनाइज्ड रबराचे कपडे. शस्त्रक्रियेचे हातमोजेही याच आकड्याखाली जातात.