माळवदावरची माती

नमस्कार, श्रोतेहो.

मृग जवळ आला की आमच्याकडे माळवदावर माती चढायची. माझं गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या जवळचं. दोन-अडीच फूट जाड दगडमातीच्या भिंती, वर लाकडाच्या तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढरी माती. पावसात गळू नये, उन्हाळ्यात घर थंड राहावं, म्हणून दर वर्षी नवा थर. जुना कुणी काढत नसे. वडिलांच्या थराखाली आजोबांचा थर तसाच. मी नऊ वर्षांचा झालो तेव्हा अर्धी पाटी माझ्याही डोक्यावर आली. काय ऐट होती माझी त्या दिवशी!

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून यायला उशीर झाला. मी बारा वर्षांचा. वडिलांजवळ मारुतीच्या पारावर आडवा झालो. धाकटाही मागं आला होता, पण आजीनं त्याला हाताला धरून घरात नेलं. "दव पडतंय, लेकराला बाधंल." पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला.

माय दुपारी जिवंत सापडली, दाराच्या चौकटीखाली. आजी आणि धाकटा दुसऱ्या दिवशी.

याहून जास्त मी आजही सांगत नाही.

पुढं कितीतरी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर ती अर्धी पाटी यायची. तीन उन्हाळे मीही माती वाहिली होती ना! कुणाला बोललो नाही. वडीलही बोलले नाहीत, आणि त्यांच्या पाट्या तर मोजायच्याच नाहीत.

५२ गावं नव्या जागी वसली, त्यांत आमचं एक. जमिनीच्या हिशेबानं २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांचं घर. आम्हाला ४००, काकांनाही ४००, पण दोन रांगा सोडून पलीकडं. एका चुलीवर जेवणारी माणसं एकमेकांना निरोप धाडू लागली. सरकारी घराला नावं ठेवणं सोपं आहे; त्याच घरात मी दहावी झालो, हेही खरं. माय मात्र दोन वर्षं पत्र्याच्या शेडमध्येच झोपायची. स्लॅबखाली तिचा जीव घाबरायचा. वडिलांनी तिला समजावून पाहिलं, आणि मग एके रात्री आपलीही वाकळ शेडमध्ये नेऊन टाकली.

लातूरला शिकत असताना जुन्या घरांच्या मजबुतीचं काम मी पाहायला गेलो. तिथल्या ओव्हरसियरनं एक भिंत उघडून दाखवली. आतून एक तोंड, बाहेरून एक तोंड, मध्ये चिखल आणि दगडगोटे. दोन्ही तोंडांना धरून ठेवणारा आरपार दगड एकही नाही. हादरा बसला की अशी भिंत फुगते आणि फाकते. वरची माती जड होती, हे त्यानं लपवलं नाही. पण आधी भिंत जाते, म्हणाला.

सुट्टीत घरी गेल्यावर वडिलांना हे सांगितलं. ते ऐकत राहिले. म्हणाले, "भिंत माझ्या आज्यानं बांधलेली." मग बऱ्याच वेळानं, "तुला पाटी जड व्हायची. ठाऊक होतं मला."

आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या पुढं गेलोय. लातुरात घर आहे. मे महिना लागला की गावाकडून फोन येतोच: "स्लॅब बघितलास का रे?"

यंदा गच्चीवरच्या भेगा भरत होतो. नऊ वर्षांची लेक सिमेंटच्या बादलीला हात घालून उभी राहिली. नको म्हणणार होतो. मग अर्धी बादली घमेल्यात ओतून घेतली आणि उरलेली तिच्या हातात दिली.