उंदराचं दुखणं आणि त्याचं खाणं

श्रोतेहो, नमस्कार. मधुमेह जुना झाला की तळपायांची आग होते, मुंग्या येतात, रात्री पायावर चादरही सोसवत नाही, हे आपण घराघरांतून ऐकतो. उंदराला असं गाऱ्हाणं सांगता येत नाही. मग त्याचं दुखणं मोजायचं कसं?

त्याला तारेच्या जाळीवर ठेवतात आणि खालून तळव्याला नायलॉनचा बारीक तंतू टेकवून तो वाकेपर्यंत दाबतात. जर्मनीत माक्स फॉन फ्राय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही युक्ती काढली, तेव्हा घोड्याचे केस वापरले होते. धडधाकट उंदीर ज्या स्पर्शाकडे ढुंकूनही पाहत नाही, त्याच स्पर्शाला मधुमेही उंदीर पाय झटकतो, चाटत बसतो. उष्णतेची चाचणी वेगळी: तिथे उंदराला गरम पट्टीवर ठेवून तो किती वेळात पाय उचलतो ते पाहतात.

या दोन चाचण्या नेहमी एकच उत्तर देत नाहीत, आणि मला खरी गंमत तिथेच वाटते. 2007 साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात उंदरांना 16 आठवडे चरबीयुक्त खाणं दिलं. रक्तातली साखर मधुमेहाइतकी चढली नव्हती, तरी साधा स्पर्श त्यांना सोसेना; उष्णतेची जाणीव मात्र मंदावली. एकाच पायात आग आणि बधिरपणा! खाणं बदलून चरबी कमी केल्यावर मज्जातंतूंची तक्रार बरीच निवळली. म्हणून गरम पट्टीवर उंदीर उशिरा पाय उचलतो, एवढ्यावर ‘आहाराने दुखणं कमी झालं’ असं कुणी म्हटलं, तर मी आधी विचारेन: दुखणं गेलं, की पायच बधिरला?

आता हळद. चंडीगढच्या पंजाब विद्यापीठात स्ट्रेप्टोझोटोसिन, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारणारं रसायन, देऊन मधुमेही केलेल्या उंदरांना हळदीतला पिवळा घटक कर्क्युमिन दिला, तेव्हा उष्णतेने होणारी वेदना कमी झाली. मात्रा होती किलोला 60 मिलिग्रॅमपर्यंत. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. नुसत्या वजनाच्या हिशेबाने 60 किलोच्या माणसाला रोज शंभर ग्रॅमहून जास्त हळद फस्त करावी लागेल! मात्रेचं गणित इतकं सरळ नसतं, हे खरं. पण चमचाभर हळदीच्या दुधाला या प्रयोगाचा दाखला देणं काही पटत नाही.

आणखी एक घोळ आहे. प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या तयार खाद्यात बऱ्याचदा सोयाबीनची पेंड असते. पायाचा मज्जातंतू अर्धवट बांधलेल्या उंदरांमध्ये सोयायुक्त खाण्याने वेदना कमी झालेली दिसली आहे. त्या उंदरांना मधुमेह नव्हता. पण वेदनेच्या प्रयोगात औषधाची मात्रा मिलिग्रॅमपर्यंत लिहायची आणि पिंजऱ्यात खाद्य कोणतं होतं ते ‘नेहमीचं’ म्हणून सोडून द्यायचं, हे चालणार नाही.