फाईल एकटी बाहेर पडते तेव्हा

मित्रहो, काही वर्षांपूर्वी आमच्या एका प्रकल्पात तारखांची रूपांतरं करणारी एक फाईल होती. चारेकशे ओळींची, नीटनेटकी. ती कुणी आणली हे कुणालाच आठवत नव्हतं. गिटच्या (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या साधनाच्या) इतिहासात नोंद सापडली ती एवढीच: ‘तारखांची फाईल जोडली’. जोडणारा केव्हाच प्रकल्प सोडून गेला होता. फाईलच्या माथ्यावर ना नाव, ना साल, ना लायसन्स, म्हणजे कोड कोणत्या अटींवर वापरता येईल याची परवानगी. तिच्यातली एक जरा वेगळी कमेंट, म्हणजे कोड वाचणाऱ्या माणसांसाठी लिहिलेली टीप, उचलून मी इंटरनेटवर शोधली, तर तीच फाईल आणखी तीन प्रकल्पांत निघाली. एकाचं लायसन्स एमआयटी (फारशा अटी नसलेलं), दुसऱ्याचं जीपीएल (बदललेला कोडही त्याच अटींवर वाटायला लावणारं), तिसऱ्याकडे लायसन्सच नाही. मूळ कुणाचं, कुणी कुणाकडून घेतलं, काही कळेना. शेवटी आम्ही ती काढून टाकली आणि सगळं नव्यानं लिहिलं. कुणीतरी बहुधा मोकळ्या मनानंच दिलेला चांगला कोड, केवळ वर मालक आणि लायसन्स सांगणाऱ्या दोन ओळी नव्हत्या म्हणून वाया गेला. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

‘लायसन्स लिहिलंच नव्हतं, मग वापरायला काय हरकत होती?’ असं मला अनेकदा विचारतात. हरकत हीच, की कोड लिहिल्याक्षणी त्यावर लिहिणाऱ्याचा कॉपीराइट आपोआप तयार होतो. कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय बर्न करार १८८६ सालचा. १९०८ मध्ये बर्लिनला त्यात दुरुस्ती झाली आणि हक्कासाठी नोंदणी किंवा सूचना देण्याची अट गेली. अमेरिका या करारात १९८९ साली आली. तोवर तिथं कॉपीराइटची सूचना न छापणाऱ्याचा हक्क धोक्यात यायचा, म्हणून ती ओळ छापायची सवय जगभर पसरली. आज हक्क टिकवण्यासाठी त्या ओळीची गरज नाही. ती लागते ती समोरच्याला हे कुणाचं आहे आणि कोणत्या अटींवर घेता येईल हे कळावं म्हणून. लेखक काहीच बोलला नाही तर कायदा त्याचा अर्थ ‘परवानगी नाही’ असाच लावतो.

मग बरेच जण रिपॉझिटरीच्या, म्हणजे प्रकल्पाचा सगळा कोड असलेल्या फोल्डरच्या, मुळाशी लायसन्सची एक फाईल ठेवतात आणि काम संपलं असं समजतात. ते पुरत नाही, याचं जीपीएलइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही. ‘फक्त आवृत्ती २’ आणि ‘आवृत्ती २ किंवा त्यानंतरची कोणतीही’ या दोन वेगळ्या परवानग्या आहेत, पण दोन्हींसाठी ठेवायचा लायसन्सचा मजकूर अक्षर न् अक्षर एकच आहे. फरक कुठं लिहिलेला असतो? सोर्स फाईलच्या वरच्या कमेंटमध्ये. ती कमेंट नसेल आणि प्रकल्पानं आवृत्ती कुठंच सांगितली नसेल, तर जीपीएल २ चं नववं कलम म्हणतं, की जीपीएल काढणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननं आजवर काढलेली कोणतीही आवृत्ती घेणाऱ्यानं निवडावी. म्हणजे लेखकाच्या मनात काहीही असो, निवड दुसऱ्याच्या हाती गेली. आणि हा फरक कागदोपत्री नाही. फाउंडेशनच्या मते अपाचे २.० या दुसऱ्या एका लायसन्सचा कोड जीपीएल ३ च्या कोडमध्ये मिसळता येतो, जीपीएल २ च्या नाही. त्यामुळे ‘किंवा त्यानंतरची’ या दोन शब्दांवर अख्ख्या लायब्ररीचा उपयोग अवलंबून असतो.

लिनक्स कर्नेलनंही, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानंही, हे भोगलंय. हजारो फायलींवर लायसन्सचा उल्लेख नव्हता, आणि जिथं होता तिथं प्रत्येकानं आपापल्या शब्दांत लिहिलेला. काहींत फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचा टेंपल प्लेसचा पत्ता होता. ती जागा संस्थेनं २००५ मध्येच सोडली होती. २०१७ मध्ये कर्नेलचे विकासक ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि थॉमस ग्लाइक्सनर, तसंच केट स्ट्युअर्ट आणि फिलिप ओंब्रदान यांनी हे काम अंगावर घेतलं. आवृत्ती ४.१३ मधल्या ६०,५३७ फायली तपासल्या. लायसन्स ओळखणारे दोन स्वतंत्र स्कॅनर प्रोग्राम चालवले आणि त्यांचे निकाल शेजारी-शेजारी ठेवून माणसांनी डोळ्यांखालून घातले. त्यातून ४.१४ मध्ये हजारो फायलींच्या पहिल्या ओळीत एकेक छोटी खूण आली: एसपीडीएक्स-लायसन्स-आयडेंटिफायर, पुढे अपूर्णविराम आणि लायसन्सचं ठरलेलं लघुनाव.

एसपीडीएक्स ही लायसन्स आणि कॉपीराइटची माहिती लिहिण्याची, लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली वाढलेली पद्धत. २०२१ पासून ती आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचं मानकही आहे. लघुनाव ठरलेलं असल्यामुळे माणसाला आणि यंत्राला एकच अर्थ कळतो. ‘बीएसडी’ लायसन्स म्हटलं तर कुठलं, दोन कलमांचं की तीन, हा प्रश्न राहत नाही. जीपीएलसाठी तर ‘ओन्ली’ आणि ‘ऑर-लेटर’ अशी वेगळी नावंच आहेत.

युरोपच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननं यावर ‘रीयूज’ नावाची सोपी शिस्त बांधली आहे. प्रत्येक फाईलच्या माथ्यावर दोन ओळी: कॉपीराइट कुणाचा, लायसन्स कोणतं. वापरलेल्या प्रत्येक लायसन्सचा पूर्ण मजकूर ‘लायसन्सेस’ फोल्डरमध्ये. चित्रं, फाँट, आवाज यांत कमेंट लिहिता येत नाही, तिथं त्याच नावापुढे ‘डॉट लायसन्स’ लावलेली छोटी फाईल शेजारी ठेवायची. आयकॉनकडे लोक सर्रास दुर्लक्ष करतात. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त गोंधळ तिथंच सापडतो. कुठं काही राहिलंय का, हे ‘रीयूज लिंट’ ही आज्ञा क्षणात सांगते.

सालाबद्दल माझं स्पष्ट मत आहे: फाईल पहिल्यांदा प्रसिद्ध झाली ते साल लिहा आणि सोडून द्या. दर जानेवारीत हजार फायलींतला आकडा बदलून काहीही साधत नाही. नावाबाबत मात्र घाई नको. नोकरीत लिहिलेल्या कोडचा हक्क बहुतेकदा कंपनीकडे जातो, तेव्हा स्वतःचं नाव टाकण्याआधी करारपत्र वाचा. आणि दुसऱ्याची कॉपीराइटची ओळ कधीही पुसू नका. कोड निम्मा बदललात तरी त्याच्या ओळीखाली तुमची ओळ जोडा. एमआयटीसारख्या सगळ्यात सैल लायसन्सचीसुद्धा मुख्य अट हीच आहे, की मूळ सूचना प्रत्येक प्रतीबरोबर राहिली पाहिजे.

जुना प्रकल्प असेल तर सुरुवात आज येणाऱ्या नव्या फायलींपासून करा. मग मागे वळा, गिटचा इतिहास उघडा, लिहिणारे अजून भेटण्यासारखे असतील तर त्यांना पत्र टाका. ज्या फाईलचा मालक सापडत नाही तिथं अंदाजानं लायसन्स लिहू नका. चुकीची ओळ रिकाम्या जागेपेक्षा वाईट, कारण पुढचा माणूस तिच्यावर विश्वास ठेवतो. ती फाईल ‘माहीत नाही’ अशा यादीत उघडपणे ठेवा, आणि ती बदलून कोण लिहील हे त्याच यादीत नावासकट नोंदवा.