संत्र्याचा रस थांबत नाही

(दृश्य : अंधारी खोली, एक मेणबत्ती, लहान मुलाचा हात)

साल ज्योतीजवळ धरायची आणि दुमडायची. पाहिलंत? पुन्हा एकदा.

सालीवर जे बारीक ठिपके दिसतात ना, त्या तेलाच्या पिशव्या असतात. साल दुमडली की त्या फुटतात, तेलाचा फवारा ज्योतीत शिरतो आणि तडतड पेटतो. वीज गेलेल्या संध्याकाळी नागपूरच्या घराघरांत हा खेळ झालेला आहे. आज तो माझ्या मावशीकडे मोहननगरात चालला आहे. तारीख २४ डिसेंबर. मुलांना हव्या तेवढ्या साली मिळताहेत, कारण आत स्वयंपाकघरात संत्री सोलली जाताहेत.

उद्या नाताळ. उपासना आटोपली की साठेक माणसं या अंगणात येतील. चर्चमधली मंडळी असतील, गल्लीतले शेजारी असतील, काकांच्या नोकरीतले जुने सोबती असतील. आल्याआल्या प्रत्येकाच्या हातात फळांच्या कॉकटेलचा ग्लास जाईल. या घरात दारू येत नाही, कधीच आली नाही. पण म्हणून बाटलीतलं नारिंगी सरबत पाण्यात ढवळून पाहुण्यांपुढे करायचं, हेही मावशीला मान्य नाही. "संत्र्याच्या गावात राहून?" एवढंच म्हणते ती.

(दृश्य : कळमना बाजार, पहाटेचं धुकं, संत्र्यांचे ढीग)

ही आदल्या दिवशीची सकाळ. कळमना बाजारात गाड्या रात्रीच लागलेल्या असतात. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर, पलीकडच्या जिल्ह्यातून वरुड आणि मोर्शी. माल जमिनीवर ओततात तेव्हा असा आवाज येतो. तो मुद्दाम तसाच ठेवला आहे, खाली संगीत घातलेलं नाही.

डिसेंबर म्हणजे आंबिया बहाराचा, म्हणजे उन्हाळ्याआधीच्या फुलोऱ्यातून आलेल्या फळांचा, शेवट. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्यातल्या फुलोऱ्याची, फळं अजून झाडावर आहेत, ती फेब्रुवारीपासून येतील. म्हणजे नाताळाला नागपूरच्या पदरात जे संत्रं पडतं ते आंबियाचं, मोसम सरत आलेलं, झाडावर पुरेपूर पिकलेलं.

काका फळ हातात घेऊन वजन बघतात. रंगाकडे त्यांचं लक्ष नसतं. सालीला केशरी रंग चढतो तो रात्रीच्या थंडीने, तेव्हा हिरवी झाक असलेलं फळही आतून गोड निघू शकतं. उलट मोठं, दिसायला देखणं फळ हलकं लागलं की ते बाजूला. "पोला आहे हा, याच्यात नुसती हवा," ते मला सांगतात. साल आणि फोडी यांच्यात पोकळी धरली की रस कमी झालेला असतो. त्यांनी दोन क्रेट घेतल्या त्या चुरीच्या. चुरी म्हणजे लहान फळ. कागदात गुंडाळून परगावी जाणारा माल मोठा असतो. चुरी बाजूच्या ढिगात पडते, आणि भाव पडला की आधी या ढिगाचा पडतो. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवत नेल्यापासून तिकडची वाटही अरुंद झाली आहे. रसासाठी मात्र ही घट्ट सालीची लहान फळंच उत्तम. चाळीस किलो घेतली.

(दृश्य : पांढऱ्या फुलांनी लहडलेलं झाड, मधमाश्या)

इथे जरा थांबते, कारण हे चित्रण माझ्याकडे आहे आणि ते दाखवल्याशिवाय मला राहवत नाही. काटोलच्या वाटेवरची ही बाग. गेल्या फेब्रुवारीत दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो, तेव्हा आंबिया बहार फुटला होता. बागेत शिरण्याआधी रस्त्यावरच वास येत होता.

हा बहर आपोआप येत नाही, धरावा लागतो. त्यासाठी झाडाला ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात. हलक्या जमिनीत थोडे दिवस, भारी काळ्या जमिनीत जास्त, कारण ती ओल धरून ठेवते. पानं मलूल होतात, वाढ थांबते, झाड आपलं अन्न साठवून बसतं. मग खत घालून पाणी सोडायचं. काही दिवसांत फांद्या पांढऱ्या होतात. ताण कमी पडला तर पालवीच फुटते, जास्त झाला तर झाडच बसतं. तो नेमका दिवस शेतकरी पानाकडे बघून ठरवतो.

आणि हे झाड तरी एक कुठे आहे? खाली, जमिनीत, जंभेरीचं खुंट आहे. जंभेरी म्हणजे जाड सालीचं, आंबट, रानटी लिंबू. त्यावर संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, बांधलेला असतो. मुळं जंभेरीची, फळ संत्र्याचं. खोडावर इथे, या गाठीपाशी, दोन्ही जुळलेले दिसतात. नागपूरकर भोसल्यांनी हे फळ अठराव्या शतकाच्या अखेरीस औरंगाबादेकडून आणवलं, असं इथे सांगतात. आज अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, तिथे बिनबियांचं वाणही तयार झालं आहे. २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मावशीच्या क्रेटमधली संत्री मात्र भरपूर बियांची, जुन्या वाणाची. तो बियांचा मुद्दा लगेच येतोच आहे.

(दृश्य : स्वयंपाकघर, रात्र, साखरेत मुरलेली साल)

२४ ची रात्र. चोवीस संत्री धुऊन, पुसून, सोललेली. सालीच्या आतला पांढरा भाग मावशी चमच्याने खरवडते. तो कडू, तो नको. उरलेल्या पातळ केशरी पट्ट्या पाऊण किलो साखरेत कुस्करायच्या आणि झाकून ठेवायच्या, बस. पाणी नाही, विस्तव नाही. सकाळपर्यंत साखर सालीतलं तेल आणि ओल ओढून घेते.

(दृश्य : तेच भांडं, सकाळ)

हे बघा. काल कोरडी साखर होती. आज ती पिवळसर, ओलीगच्च, तळाशी पाक सुटलेला. उरलेली साखर विरघळायला वाटीभर कोमट पाणी घातलं आणि गाळलं. काल मुलांनी ज्योतीवर उडवलेलं तेल ते हेच. बाजारच्या कुठल्याही इसेन्सला हा वास नाही, हे मी अगदी ठासून सांगते.

फोडी वेगळ्या. त्यांच्यावरचा पापुद्रा काढून, बिया काढून, नुसते गर दोन मोठ्या डब्यांत. डाळिंबाचे दाणे, काळी द्राक्षं, अननसाचे बारीक तुकडे. सफरचंद चिरल्याचिरल्या लिंबाच्या रसात घोळवलेलं, नाहीतर काळं पडतं.

आता रस. या चित्रणात तुम्हाला मिक्सर दिसणार नाही. मावशीच्या घरी एक आहे, कपाटावर. माझ्या धाकट्या मावसबहिणीने तो खाली काढला तेव्हा मावशीचं वाक्य कॅमेऱ्यात आलं आहे : "मिक्सर नाही लावायचा बाप्पा, बी फुटते अन् सारा रस कडू होते."

ती बरोबर बोलते आहे, आणि गोष्ट नुसत्या बीपुरती नाही. अखंड फोडीत कडवटपणा नसतो. तिच्यात एक बेचव द्रव्य असतं. फोड दाबली, पेशी फुटल्या, ते द्रव्य आंबट रसात मिसळलं, की हळूहळू त्याचं लिमोनिन होतं. लिमोनिन कडू. म्हणून नागपुरी संत्र्याचा ताजा रस अमृतासारखा लागतो आणि तोच काही तासांनी जिभेला टोचतो. बी आणि पांढरा पापुद्रा भरडला तर कडवटपणा अधिक, उकळला तर तो आणखी लवकर येतो. या रसाचे कारखाने काढणं सोपं गेलं नाही त्याचं एक मोठं कारण हे आहे. हे फळ सोलून खायचं. रस काढायचा तर काढून लगेच प्यायचा. तो साठवणीतला नाही.

मग साठ माणसांना ताजा रस द्यायचा कसा? साठ माणसांना हातही भरपूर असतात.

(दृश्य : अंगण, लांब टेबल, नऊ माणसं रस पिळताहेत)

हे मी एका जागी कॅमेरा ठेवून घेतलं. फळ आडवं कापायचं. मुठीत धरून स्टीलच्या चाळणीवर पिळायचं, फार जोर लावायचा नाही, पहिल्या दाबात येईल तेवढाच रस. शेवटचे चार थेंब काढायला गेलं की कडवटपणा येतो. बिया चाळणीत राहतात. दहा ग्लासांपुरता रस झाला की तो टेबलावर जातो, तेवढा संपत आला की पुढचा. पाहुणे येतात, बाह्या वर करतात, पिळायला बसतात. दरवर्षी कोणी न सांगता. मावशीचं मोठं पितळी तपेलं आज कोपऱ्यात आहे. त्याची कल्हई गेली आहे, आणि आंबट रसाचं उघड्या पितळेशी जमत नाही. काम स्टीलच्या भांड्यांत चाललं आहे.

(दृश्य : ग्लास, जवळून)

पहिला ग्लास. तळाशी डाळिंबाचा रस साखरेत आटवलेला, दाट, जड. त्यावर चमचा पालथा धरून संत्र्याचा रस हळूच सोडायचा. खालचा थर साखरेने जड, म्हणून वरचा रस तरंगतो. लाल, मग केशरी, मधे दोघांची सरमिसळ झालेली रेघ. शेवटी सोडा. तो बर्फात ठेवून गार केलेला हवा, गार पाण्यात वायू जास्त टिकतो. आणि ही गोटी सोड्याची बाटली. हा आवाज. गोटी आत गेली की गल्लीतली सगळी मुलं वळून बघतात.

दुसरा ग्लास पेरूचा. पिकलेला पेरू शिजवून, घोटून, गाळून, लिंबू आणि काळं मीठ घालून. ग्लासाच्या काठावर लिंबाची फोड फिरवायची आणि काठ मीठ-मिरचीत टेकवायचा. मिरची भिवापूरची, आपल्याच जिल्ह्यातली. माझं मत विचाराल तर या सगळ्या टेबलावर हा ग्लास पहिल्या नंबरचा. पण मावशीसमोर मी तसं बोलले नाही.

तिसरं म्हणजे मधोमध ठेवलेला हा मोठा वाडगा, पंचाचा. पंच हा शब्द आपल्या पाचावरूनच गेला असं मानतात. सतराव्या शतकात इंग्रज व्यापारी इथून तो पेयप्रकार घेऊन गेले. मद्य, साखर, लिंबू, पाणी, मसाला, असे पाच जिन्नस. कॉकटेलची गोष्ट त्यानंतरची आणि दुसऱ्या मुलखातली. १८०६ साली अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वृत्तपत्राने तिची व्याख्या छापली : मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क. मावशीच्या वाडग्यात मद्याच्या जागी संत्र्याचा रस आहे, साखरेच्या जागी सालीचा पाक. लिंबू आहे, पाणी आहे, मसाल्यात लवंग आणि दालचिनी. कडू अर्काच्या जागी ती वाडग्यात एक पट्टी साल सोडते, पांढऱ्या भागासकट, मोजून एक. नुसतं गोड पेय लवकर नकोसं होतं, हे तिचं म्हणणं.

बर्फ असा अखंड वर्तुळाकार दिसतो आहे, कारण तो केकच्या भांड्यात गोठवला आहे. मोठा तुकडा सावकाश वितळतो, पंच पाणचट होत नाही. त्यात गोठवलेले डाळिंबाचे दाणे आणि संत्र्याची पानं उन्हात चमकतात. हा माझा आवडता शॉट.

म्हाताऱ्या माणसांसाठी गरम प्रकारही आहे. लवंग, दालचिनी, आलं आणि गूळ घालून पाणी उकळायचं, खाली उतरवायचं, आणि मग रस मिसळायचा. रस विस्तवावर ठेवायचा नाही. कारण आता तुम्हाला माहीत आहे.

(दृश्य : अंगण, दुपार ते संध्याकाळ)

इथे मी बोलत नाही.

(सुमारे चाळीस सेकंद फक्त आवाज : ग्लास, गोट्या, नाताळची गाणी)

(दृश्य : रात्र, फाटक, एक सायकल)

पावणेअकरा. जेवणं झाली, टेबल आवरलं. भांड्यात दोनेक ग्लास रस उरला होता. अजनीहून ड्यूटी संपवून माझा मावसभाऊ आत्ता आला. मी उरलेला रस त्याच्यासाठी ओतायला घेतला. मावशीने ग्लास माझ्या हातातून काढून घेतला, एक घोट स्वतः घेतला आणि मान हलवली. क्रेटच्या तळाशी पाच संत्री होती. तिने त्यातली चार कापली.

तो दारातच उभा राहून प्यायला, बूटही न काढता.