हरियाल आणि शेकरू

श्रोतेहो, नमस्कार. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल, म्हणजे हिरवे कबूतर, आणि राज्यप्राणी शेकरू, म्हणजे मोठी खार, या दोघांचेही दर्शन आपल्याला पुणे जिल्ह्यातच घडू शकते. दोघेही झाडांवर राहणारे, दोघांनाही वड-उंबराची पिकली फळे प्रिय आणि जमिनीवर उतरणे दोघांच्याही स्वभावात नाही. तरीही हरियाल पुणे शहरात रुळला आणि शेकरू भीमाशंकरच्या रानातच राहिले, हे कशामुळे, याचा आज विचार करू.

विद्यापीठाच्या आवारातला एखादा वड फळांनी लगडला की हरियालांचा थवा त्यावर उतरतो. त्यांचा हिरवट-पिवळा रंग पानांत असा मिसळतो की, फांदी हलल्याखेरीज पक्षी दिसत नाही. दिसला, तर पिवळ्या पायांवरून ओळखावा. त्या झाडाची फळे संपली की थवा दुसऱ्या झाडाच्या शोधात निघतो आणि मधल्या रस्त्यांची, इमारतींची त्याला अडचण होत नाही.

शेकरूचे तसे नाही. शेपटीसह सुमारे १ मीटर लांब आणि २ किलोपर्यंत वजनाची ही खार एका झाडावरून दुसऱ्या झाडावर ६ मीटरपर्यंत झेप घेते, ही झेप विलक्षणच म्हणावी लागेल. पण जिथे झेपेची हद्द संपते, तिथे तिचे रानही संपते. म्हणूनच शेकरू आपल्या टापूतल्या झाडांवर भागवते: फळे नसतील तेव्हा बिया, फुले, प्रसंगी झाडाची सालही खाते. हरियालाचे घरटे म्हणजे काटक्यांची विरळ बैठक असते, तर शेकरू डहाळ्या आणि पाने रचून एकाच टापूत अनेक घरटी बांधते, आणि तीही जड शिकारी पोहोचू नये अशा बारीक फांद्यांच्या टोकाशी.

शेकरूसाठी ओळखले जाणारे भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर आहे. मला मात्र क्षेत्रफळापेक्षा झाडांच्या शेंड्यांची सलगता अधिक मोलाची वाटते. शहरात लावलेला एकटा उंबरही हरियालाच्या उपयोगी पडतो. शेकरूला एकट्या झाडाचा उपयोग नाही. रस्ता रुंद करताना दोन्ही बाजूंच्या एकमेकींना भिडलेल्या फांद्या छाटल्या, तर त्याला पलीकडे जाण्यासाठी जमिनीवर उतरावे लागते आणि तिथे कुत्री व वाहने असतात. तेव्हा अभयारण्यातल्या रस्त्यांवरची ही हिरवी कमान, वाहनांना खरोखर अडथळा होत नसेल तर, छाटली जाऊ नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.