कढईतलं कालचं तेल

हा धूर बघा. लातूर-नांदेड रस्त्यावरचा एक फाटा, सकाळचे सात, मामांनी गाडा लावलाय, कढईत तेल कालचंच, वरून एक नवीन पुडा ओतला, आणि भज्यांचा पहिला घाणा निघायच्या आत मामांचे डोळे चुरचुरायला लागले. नुसती मिरची नाही ही. तेल फार तापलं की त्यातून अ‍ॅक्रोलिन सुटतं, हे एक अल्डिहाइड, म्हणजे दुसऱ्या रेणूंना पटकन चिकटणाऱ्या रसायनांच्या कुळातलं, 53 अंशालाच उकळतं, म्हणून 180 अंशाच्या कढईत थांबतच नाही, सरळ तोंडावर येतं.

हा मोंढा, धान्याचा बाजार. सोयाबीनच्या ढिगात पाय रुततोय. सोयाबीनच्या तेलात निम्म्याहून जास्त लिनोलिक आम्ल नावाचं मेदाम्ल, करडईत तर 70 टक्क्यांच्या वर, आणि हेच आम्ल पुन्हा पुन्हा तापलं, हवा लागली की तुटतं आणि 4-हायड्रॉक्सीनोनेनल हे दुसरं अल्डिहाइड तयार होतं. हे धुरात फारसं जात नाही, तेलात राहतं, आणि तेल भज्यात.

आता करडईची काढणी. बायांनी हातापायाला फडकी गुंडाळलीत बघा, काटे फडक्यात रुततात, हात वाचतो. आपल्या पेशीत हे फडक्याचं काम ग्लुटाथायोन करतं. तीन अमिनो आम्लांचा छोटा रेणू, त्यातल्या सिस्टीनला गंधक-हायड्रोजनचं टोक असतं, त्यालाच थायॉल म्हणतात. अल्डिहाइड येऊन त्या गंधकाला चिकटतं आणि मग सुटत नाही, दोघं मिळून शेवटी लघवीवाटे बाहेर. म्हणजे एका अल्डिहाइडमागे एक ग्लुटाथायोन गेलंच. पेशी नवीन बनवते, पण त्याला सिस्टीन लागतं, वेळ लागतो, आणि मामा तर दिवसभर त्याच धुरात उभे. फडकं संपलं की काटा हातातच, प्रथिनांनाही तेच गंधकाचं टोक असतं ना, तिथं अल्डिहाइड चिकटलं की एन्झाइम बंद पडतात, पेशीची ऊर्जा घटते, पेशी मरतात.

तेल किती बिघडलं ते सांगणारं हे मीटर तेलात बुडवलं, लाल दिवा लागला. तेल तापून तुटलं की बनणारे ध्रुवीय घटक 25 टक्क्यांच्या वर गेले की तेल टाकायचं, 1 जुलै 2018 पासून देशभर नियम आहे. असल्या तेलाचं बायोडिझेल करायची योजनाही त्याच वर्षीची.

रात्रीचे नऊ. मामा तेल गाळून डब्यात भरतायत. हा डबा न्यायला फाट्यावर आजवर कुणी आलेलं नाही, असं ते सांगतात.