दामिरिफा दुए : अकानांचा ढोल शोक कसा बोलतो

श्रोतेहो, नमस्कार. २०२० सालच्या टाळेबंदीत शवपेटी खांद्यावर घेऊन नाचणारे सुटाबुटातले काही तरुण आपल्यापैकी अनेकांनी मोबाइलवर पाहिले असतील. ते खांदेकरी घानाच्या किनाऱ्यावरील प्रॅमप्रॅम या गावचे होते आणि त्यांचे नाचणेही खरे होते. परंतु त्या चित्रफितीवर चढवलेली धून घानाबाहेर तयार झालेली होती. मला ही गोष्ट तेव्हापासून सलते आहे. पश्चिम आफ्रिकेतील अंत्यविधीतून तिथला नाद काढून टाकला, तर त्या विधीचे बोलणेच बंद होते. मी हे बोलणे शब्दशः म्हणतो आहे.

दक्षिण आणि मध्य घानात अकान समाज राहतो. कुमासी हे केंद्र असलेले अशांती लोक त्यांच्यापैकीच, आणि त्यांची भाषा त्वी. मराठीत ‘पापा’ हा शब्द कोणत्याही पट्टीत उच्चारला तरी अर्थ तोच राहतो. त्वीमध्ये दोन्ही अक्षरे उंच स्वरात म्हटली तर ‘चांगला’, पहिले खाली आणि दुसरे उंच म्हटले तर ‘वडील’, आणि दोन्ही खालच्या स्वरात म्हटली तर ‘पंखा’ असा अर्थ होतो. अर्थ असा स्वरात राहत असल्यामुळे, एक उंच आणि एक खर्जातला असे दोन ढोल मिळून भाषेचे चढउतार हुबेहूब वाजवू शकतात. या जोडीला ‘अतुम्पान’ म्हणतात. अर्थात एकसारखे चढउतार असलेले शब्द पुष्कळ असतात, म्हणून वादक सुटा शब्द वाजवत नाही. परंपरेने ठरलेली लांब वाक्ये, बिरुदे आणि म्हणी वाजवतो, आणि जाणता ऐकणारा त्या ओळखतो. अशा वादकाला ‘ओचेरेमा’ म्हणतात. ढोलाचे खोड ‘त्वेनेबोआ’ या झाडाचे असते आणि त्यावर परंपरेने हत्तीच्या कानाचे कातडे चढवलेले असते. विशेष प्रसंगी वादक आधी त्या झाडाला, त्या हत्तीला आणि धरणीला ढोलावरूनच हाक मारतो आणि मी अजून शिकतो आहे, मला यश द्या, असे विनवतो. एवढ्या अधिकाराच्या माणसाने आरंभी स्वतःला शिकाऊ म्हणावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

मृत्यूच्या प्रसंगी ढोलावरून उमटणारे शब्द असतात ‘दामिरिफा दुए’. ‘दुए’ हा सांत्वनाचा शब्द आहे. लोक तो शोकाकुल घरच्यांना भेटल्यावर तोंडाने म्हणतात, आणि ढोल तोच मृताला उद्देशून पुन्हा पुन्हा उच्चारतो. लाल आणि काळ्या वस्त्रांतली माणसे जमलेली असतात, लोखंडी घंटा ताल धरते आणि ‘अडोवा’ हे नृत्य सुरू होते. यात हातांना वाणी असते: दोन्ही हात डोक्यावर ठेवले, किंवा छातीवर एकमेकांत गुंफले, की पाहणाऱ्याला दुःख कळते. आज ध्वनिवर्धक, ब्रास बँड आणि चर्चची गीते यांनीही या समारंभात जागा घेतली आहे.

घानाच्या वायव्य कोपऱ्यात, लॉरा आणि नांदोमच्या परिसरात, दागारा लोकांकडे हे काम ‘जील’ करते. लाकडी पट्ट्यांच्या या वाद्याखाली भोपळे टांगलेले असतात. भोपळ्यांना भोके पाडून त्यांवर कोळ्याच्या अंडकोशाचा पातळ पापुद्रा चिकटवतात, आणि त्यामुळे प्रत्येक स्वराला एक थरथरती घरघर येते. गेलेली व्यक्ती पुरुष होती की स्त्री, हे दूरच्या वस्तीला जीलच्या सुरांवरूनच समजते. सजवलेल्या उंच मंचावर प्रेत बसते केलेले असते आणि जवळच जीलवादक वाजवत असतात. जवळच्या नातलगांना दोरीने बांधून कोणीतरी धरून ठेवते, कारण त्या सुरांनी अनावर झालेला माणूस स्वतःला इजा करून घेईल अशी भीती असते. संगीतात दुःख इतके वर काढण्याची ताकद आहे हे ज्यांनी मान्य केले, त्यांनीच ती दोरीही हाताशी ठेवली.

या सगळ्यात मला सर्वांत हलवून सोडते ती अकान स्त्रियांची शोकगीते. संगीतअभ्यासक क्वाबेना न्केतिया (१९२१–२०१९) यांनी ती गोळा करून त्यांवर १९५५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. मुली ही गीते घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडून ऐकत शिकतात. अकान समाजात कुळ आईकडून चालते, आणि गीतांत पूर्वजांची नावे आणि ते जिथून आले ती ठिकाणे ओवलेली असतात. त्यामुळे रडता रडता एक बाई कुळाचा इतिहासच म्हणून जाते. ती मृताच्या भोवती फेऱ्या घालते, त्याला त्याच्या पूर्वजाच्या नावाने हाक मारते, आणि मग घरातले माणूस परगावी निघताना म्हणावे तसे मागणे मागते: इकडे येणारे कोणी भेटले, तर त्याच्याबरोबर माझ्यासाठी काहीतरी पाठव.